दुसरा फोन कोणाला?



या सदरात आपण एकेका कामाच्या पहिल्या वर्षाबद्दल बोलत असतो. यावेळी पाळी आहे पशुवैद्यांची. इंदूरच्या इतक्या जवळ महूचं व्हेटरनरी कॉलेज असल्यामुळे आपल्या ओळखीच्या मराठी घरांतून कोणी ना कोणी तिथे शिकत असतंच. नीट द्यायची, साडेपाच वर्षं बीव्हीएससी अँड एएच करायचं, त्यातलं शेवटचं वर्षभर इंटर्नशिप करायची आणि मग डिग्री हातात घेऊन घरी यायचं. घरी आल्यावर आजी विचारते, "म्हणजे ढोरडॉक्टर ना रे?" काका विचारतात, "सरकारी जागा कधी निघणार?" आणि शेजारच्या काकू मांजर घेऊन दारात उभ्या असतात. पण उद्या सकाळी कामावर गेल्यावर काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही.

मी स्वतः बीई करून सॉफ्टवेअरमध्ये आहे. जनावरांशी माझा संबंध माझ्या धाकट्या भावामुळे. तो ८ वर्षांपासून पशुवैद्य आहे, आधी खेड्यांत आणि आता शहरात. त्याचं पहिलं वर्ष मी जवळून पाहिलं. खाली जे लिहिलं आहे त्यातलं वैद्यकीय सगळं त्याचं, आणि त्याच्याकडून तपासून घेतलेलं. व्यवस्थेबद्दलचं थोडं माझं आहे.

पहिल्या वर्षी एकदा तो मला म्हणाला होता, "ताई, तुमचा सर्व्हर रात्री बंद पडला तर कोणाला उठवायचं ते आधीच ठरलेलं असतं. पहिल्याने फोन उचलला नाही तर दुसरा, दुसऱ्याने नाही उचलला तर मॅनेजर. माझ्याकडे म्हैस अडली की सगळं गाव मला फोन करतं. पण मी कोणाला करायचा?"

मला वाटतं, नव्या पशुवैद्याच्या पहिल्या वर्षाचा सगळा प्रश्न याच वाक्यात आहे. ज्ञान कमी नसतं. ते ताजंच असतं. पण कॉलेजात शेजारी सर असतात, वर्गमित्र असतात, खोडा असतो, दिवे असतात. नोकरीत पहिल्यांदाच एकटेपण येतं. म्हणून या लेखातला मुख्य सल्ला एकच: एकट्यावर वेळ येण्याआधी, मदत कुठून घ्यायची ते ठरवून ठेवा. बाकीचं सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

आधी कागद

डिग्री मिळाली म्हणजे प्रॅक्टिस करता येते असं नाही. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ प्रमाणे राज्याच्या पशुवैद्यकीय परिषदेत नोंदणी लागते. नोंदणी क्रमांक हातात येईपर्यंत ओळखीत, नात्यात, "नुसतं एक इंजेक्शन देऊन टाक" म्हणणाऱ्यांतही स्वतःच्या जबाबदारीवर उपचार करू नका. दुसऱ्या राज्यात नोकरी मिळत असेल, म्हणजे पुण्याला, बडोद्याला किंवा हैदराबादला, तर तिथल्या परिषदेत नोंदणीचं काय करावं लागेल ते ऑफर स्वीकारण्याआधी विचारा. नूतनीकरणाची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा. कागदपत्रं स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. हा शेवटचा सल्ला माझा.

पहिली नोकरी निवडताना

वाटा बऱ्याच आहेत. शहरात खाजगी क्लिनिक, दूध संघ, कुक्कुटपालनाच्या कंपन्या, औषध कंपन्या, गोशाळा, १९६२ क्रमांकावर बोलावल्या जाणाऱ्या फिरत्या पशुचिकित्सा गाड्या, सैन्यातली रिमाउंट व्हेटरनरी कोर, आणि आपल्या राज्यात लोकसेवा आयोगातून भरली जाणारी पशुचिकित्सा सहायक शल्यज्ञाची जागा. त्या जागेची जाहिरात कधी येईल याची वाट बघत दोन वर्षं घरी बसून अभ्यास करणारे पुष्कळ आहेत. अभ्यास जरूर करा, पण हात चालू ठेवा. टाके घालणं, शीर सापडणं, गाभण तपासणं ही हाताची कामं आहेत, आणि हात लवकर विसरतो.

पगार विचाराच, पण मुलाखतीत हे पाच प्रश्नही विचारा.

एक, रात्रीची ड्यूटी किती आणि माझ्या वरती दुसऱ्या फोनवर कोण असेल?
दोन, पहिले काही दिवस मी कोणाबरोबर काम करणार आणि कधी एकट्याने करणार?
तीन, एक्स-रे, रक्त तपासणी, ऑटोक्लेव्ह, भुलीची सोय इथे काय आहे आणि नसेल तर केस कुठे पाठवतात?
चार, खेड्यात जायचं तर गाडी आणि पेट्रोल कोणाचं?
पाच, मला चावलं, लाथ बसली, सुई टोचली तर उपचाराचा खर्च कोण करणार?

या प्रश्नांवर जो मालक हसतो किंवा चिडतो, त्याच्याकडे पगार थोडा जास्त असला तरी विचार करा. जो शांतपणे उत्तर देतो, त्याच्याकडे दोन-तीन हजार कमी मिळाले तरी चालतील. आणि जे ठरेल ते पत्रावर नाही तर निदान ईमेलवर लिहून घ्या.

स्वतःचा जीव आधी

भाऊ म्हणतो की नवीन डॉक्टर जनावराला वाचवायच्या घाईत स्वतःला विसरतो. तीन गोष्टी त्याने मला पुन्हा पुन्हा लिहायला सांगितल्या.

पहिली रेबीज. पशुवैद्याने रेबीजची प्रतिबंधक लस काम सुरू करण्याआधीच घेतलेली असली पाहिजे. चावा किंवा ओरखडा झाला की जखम वाहत्या पाण्यात साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. आधी लस घेतलेली असली तरी पुढचे डोस घ्यावेच लागतात. कुत्र्याच्या बाबतीत हे सगळ्यांना आठवतं. गाईच्या बाबतीत फसगत होते. गाय खात नाही, लाळ गाळते, गिळता येत नाही. मालक म्हणतो, घशात काहीतरी अडकलंय, हात घालून बघा. हेच रेबीजचं लक्षण असू शकतं. हातमोजे न घालता आणि रेबीजची शंका मनात न आणता कोणत्याही जनावराच्या तोंडात हात घालू नका. गोठ्यातल्या ज्यांनी ज्यांनी आधीच हात घातला असेल, त्यांची नावं लिहून घेऊन त्यांना दवाखान्यात पाठवणं हेही तुमचंच काम.

दुसरी ब्रुसेलोसिस, म्हणजे सांसर्गिक गर्भपात. गाय गाभडली, वार अडकली, हात घालायचा आहे, अशा वेळी लांब हातमोजे, गमबूट, डोळ्यांवर चष्मा. वासरांना देतात ती लसही जपून हाताळायची. ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना टोचली जाणारी ही लस जिवंत जंतूंची असते, आणि ती सुई स्वतःला टोचली तर माणसाला आजार होऊ शकतो. महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, घाम, सांधेदुखी असेल तर आपल्या डॉक्टरांना आपला व्यवसाय सांगा. नाहीतर ते मलेरिया आणि टायफॉइडच शोधत बसतील.

तिसरी लाथ. खोडा नसेल तर झाडाला बांधून घ्या, माणसं बोलवा. कुत्र्याला मुसकी बांधायला संकोच करू नका. "आमचा टायगर कोणाला चावत नाही" हे वाक्य माझ्या भावाने जितक्या वेळा ऐकलं आहे, जवळजवळ तितक्याच खुणा त्याच्या हातावर आहेत. थांबायला सांगण्यात कमीपणा नाही. मालकाला धीर नसेल तर त्यालाही सांगा की डॉक्टर जायबंदी झाला तर जनावराला कोण बघणार.

दुसऱ्या फोनची यादी

आता मुख्य मुद्दा. पहिल्या पगाराच्या आधी तीन नंबर पक्के करा. एक, तुमच्याच भागात काम करणारा, तुमच्यापेक्षा ५-१० वर्षांनी मोठा पशुवैद्य. दोन, कॉलेजातले असे एक सर किंवा मॅडम ज्यांना तुमचं नाव आठवतं. तीन, तुमच्याच बॅचचा एखादा मित्र किंवा मैत्रीण, ज्याला रात्री २ वाजता रडका आवाजही चालतो. यांना आधीच भेटा, चहा पाजा आणि सरळ विचारा, "सर, अडलो तर रात्रीही फोन करू का?" बहुतेक लोक हो म्हणतात. विचारलेलं नसतं म्हणून रात्री आपला हात थांबतो.

भावाचा किस्सा सांगते. देपालपूरच्या बाजूचं गाव, पावसाळ्याची रात्र, अडलेली म्हैस. आत हात घातला तर वाट पिळलेल्या कापडासारखी. म्हशींमध्ये गर्भाशयाला पीळ बसणं आपल्याकडे बरंच आढळतं, पुस्तकात त्याने वाचलंही होतं. पण पीळ उजवीकडे की डावीकडे, हे एकट्याने, टॉर्चच्या उजेडात, वीस माणसं बघत असताना ठरवायचं होतं. त्याने हात धुतले, बाजूला गेला आणि सीनियरना फोन लावला. ते झोपेतून उठले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "किती वेळ झाला?" मग एकेक प्रश्न विचारत पिळाची बाजू त्याच्याच तोंडून काढून घेतली. ज्या बाजूला पीळ, त्या बाजूवर म्हैस आडवी करायची, पोटावर फळी ठेवून एकाने तिच्यावर उभं राहायचं आणि म्हशीला त्याच दिशेने लोळवायचं. फळी कुठे आणि कशी दाबायची ते गावातल्या म्हाताऱ्या गौसेवकाला माहीत होतं. त्याने असं पूर्वी अनेकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा लोळवल्यावर पीळ सुटला. रेडकू मेलेलं निघालं, म्हैस वाचली.

त्या रात्रीतून तीन नियम निघाले, ते त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर आहेत. हात घालण्याआधी घड्याळ बघायचं, आणि २०-३० मिनिटांत काहीच प्रगती नसेल तर जोर वाढवायचा नाही, उपाय बदलायचा किंवा फोन करायचा. फोन मालकासमोरच करायचा, लपून नाही. "मोठ्या सरांचं मत घेतो" म्हटल्याने खेड्यातल्या माणसाचा विश्वास वाढतो, कमी होत नाही. आणि गावातल्या गौसेवकाला, कंपाउंडरला, कृत्रिम रेतन करणाऱ्याला कमी लेखायचं नाही. निदान आणि औषध ही जबाबदारी नोंदणी असलेल्या डॉक्टरचीच, पण जनावर कसं आडवं करायचं आणि कोणत्या घरात कोणाशी कसं बोलायचं हे ते तुम्हाला शिकवू शकतात.

खिशातली वही

कॉलेजात डोस पाठ असतात. रात्री ३ वाजता नसतात. म्हणून नेहमी वापरायची २५-३० औषधं, त्यांचा किलोमागे डोस, बाटलीतली मात्रा आणि कोणत्या जनावराला द्यायचं नाही, हे खिशातल्या वहीत लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, वही संपत नाही. हे मी सॉफ्टवेअरमध्ये असून लिहिते आहे, याची नोंद घ्यावी.

'द्यायचं नाही' हा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. मांजराला पॅरासिटामॉल जिवावर बेतू शकतं, आणि घरच्यांनी तुमच्याकडे येण्याआधीच अर्धी गोळी दिलेली असते. म्हणून "घरी काय काय दिलंत?" हा पहिला प्रश्न, आणि तो न रागावता. कुत्र्याच्या गोचिडांसाठी असलेलं परमेथ्रिनचं औषध मांजरासाठी विष आहे. कॉली जातीच्या कुत्र्यांत आयव्हरमेक्टिन जपून. झायलाझीन घोड्याला लागतं त्याच्या सुमारे दहाव्या भागाने गाय खाली बसते. व्यायल्यावर दुग्धज्वराने आडवी झालेली गाय कॅल्शियम दिल्यावर उठून उभी राहते, ते बघून गाव तुम्हाला देव मानतं. पण तेच कॅल्शियम शिरेतून घाईने दिलं तर हृदय थांबू शकतं. सावकाश सोडायचं आणि एका हाताने स्टेथोस्कोप छातीवर ठेवायचा. मागे कोणी कितीही "जल्दी करो डॉक्टर साब" म्हणो.

अजून एक औषध, डायक्लोफेनॅक. ते दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली ती याच कारणाने. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची बाटलीही ३ मिलीची केली गेली. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि एसिक्लोफेनॅकवरही जनावरांसाठी बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित पर्याय आहे. "आधीचे डॉक्टर तर हेच द्यायचे" असं कोणी म्हटलं तरी तुम्ही देऊ नका.

पैशाचं आणि भरवशाचं बोलणं

नव्या डॉक्टरला सगळ्यांत अवघड जातं ते पैसे मागणं. ओळखीत तर जास्तच. उपाय असा की पैशाचं बोलणं उपचाराच्या आधी करायचं. काय शंका आहे, कोणत्या तपासण्या लागतील, साधारण खर्च किती, बरं होण्याची शक्यता किती, आणि काहीच केलं नाही तर काय होईल. शक्य असेल तर दोन-तीन पर्याय द्या, महागडा आणि साधा दोन्ही. साधा पर्याय सांगताना चेहरा पाडू नका. एका म्हशीवर घर चालवणारा माणूस हिशोब करतो तेव्हा तो निर्दय नसतो. त्याला घर चालवायचं असतं.

"बचेगी ना, डॉक्टर साब?" याचं उत्तर "हो" असं देऊ नका. भाऊ म्हणतो, "मैं पूरी कोशिश करूँगा, कल सुबह तक देखना पड़ेगा." आणि मग सकाळी खरंच फोन करायचा. न विचारता केलेला तो सकाळचा फोन एखाद्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त नाव मिळवून देतो.

दुभत्या जनावराला प्रतिजैविक दिलं तर किती दिवसांचं दूध वेगळं काढायचं, ते लेबलावर बघून तोंडी सांगा आणि चिठ्ठीवरही लिहा. मालक कुरकुर करेल, पण ते दूध इंदूरच्याच कोणाच्या तरी घरी जाणार असतं, कदाचित तुमच्या आणि माझ्या.

लिहून ठेवणं

हा भाग माझ्या प्रांतातला. आमच्याकडे काही बिघडलं की दुसऱ्या दिवशी सगळे बसून काय घडलं ते क्रमाने लिहितात. कोणाची चूक हे शोधायचं नसतं, पुढच्या वेळी काय वेगळं करायचं ते शोधायचं असतं. आम्ही त्याला 'पोस्टमॉर्टेम' म्हणतो. भावाला हा शब्द फार विनोदी वाटतो, कारण त्याच्याकडे त्यासाठी खरोखर सुरी लागते. पण पद्धत त्याने उचलली.

प्रत्येक केसला सात ओळी पुरतात. तारीख आणि वेळ, मालकाचं नाव आणि गाव, जनावराची ओळख, काय दिसलं, काय दिलं आणि किती, मालकाला काय सांगितलं, आणि पुढे कधी बघायचं. गाई-म्हशीच्या कानात १२ अंकी पिवळा बिल्ला असेल तर तो क्रमांक लिहाच. सरकारी नोंदीसाठी आणि विम्यासाठी तोच लागतो. दर रविवारी अर्धा तास ती वही उघडून बसा. कोणत्या तीन केसेस मनाला लागल्या, त्यांतली एक पुस्तकात परत वाचा, एक सीनियरना विचारा, एक मित्राला सांगा. वर्षाच्या शेवटी तुमच्याकडे तुमच्याच गावांचं, तुमच्याच जनावरांचं दीडशे केसेसचं पुस्तक असेल.

आणि ड्यूटी बदलताना पुढच्या डॉक्टरला केस तोंडी देऊन निघू नका. लिहून द्या. तुम्ही जे "माहीतच असेल" म्हणून सोडता, नेमकं तेच त्याला माहीत नसतं.

सही

पहिल्या वर्षी कोणीतरी येतंच. विम्यासाठी मेलेल्या गाईचा दाखला हवा असतो, पण गाय पुरून झालेली असते. किंवा न बघितलेल्या जनावरांचं वाहतुकीसाठी आरोग्य प्रमाणपत्र हवं असतं. किंवा लसीची तारीख 'थोडी मागची' हवी असते. मागणारा कधी शेजारी असतो, कधी सरपंच, कधी स्वतःचा साहेब.

जनावर डोळ्यांनी बघितलेलं नसेल, बिल्ल्याचा क्रमांक जुळत नसेल, तर सही नाही. उद्धटपणा नको. "माझी नोंदणी जाईल, दादा" एवढं म्हणायचं आणि तेच धरून बसायचं. ते खोटंही नाही. पशुवैद्यांसाठी आचारसंहिता आहे आणि खोट्या दाखल्याची किंमत तुमच्या नावाने मोजली जाते, सांगणाऱ्याच्या नाही. पहिल्या दोन-तीन वेळा नाही म्हटलं की लोक विचारायचं बंद करतात. पहिल्यांदा हो म्हटलं की मात्र ते कधीच बंद होत नाही. इथेही दुसरा फोन कामी येतो. दबाव जास्त असेल तर त्याच दिवशी सीनियरना सांगून ठेवा.

मन

हा भाग घरच्यांनीही वाचावा. माणसांच्या डॉक्टरला सहसा जे करावं लागत नाही ते पशुवैद्याला करावं लागतं. बरं न होणाऱ्या, वेदनेत तडफडणाऱ्या जनावराला स्वतःच्या हाताने झोपवावं लागतं, आणि मग पुढच्या पाच मिनिटांत हसऱ्या चेहऱ्याने पिल्लाला लस टोचावी लागते. शिवाय कधी कधी जनावर वाचवता येण्यासारखं असतं, पण पैसे नसतात. अमेरिकेत १९७९ ते २०१५ या काळातल्या पशुवैद्यांच्या मृत्यूंचा अभ्यास झाला. त्यात सर्वसाधारण लोकांच्या तुलनेत आत्महत्येचं प्रमाण पुरुष पशुवैद्यांत सुमारे दुप्पट आणि स्त्री पशुवैद्यांत सुमारे साडेतीन पट आढळलं. देश वेगळा असला तरी काम तेच आहे.

म्हणून दयामरणाआधी मालकाची लेखी संमती घ्या, घाई करू नका, आणि त्या दिवशी तीनपैकी एकाला फोन करा, फक्त बोलायला. झोप उडाली, जेवण जाईना, कामावर जायचं नाव काढलं की पोटात गोळा येतो, असं दोन-तीन आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. दुसऱ्याला उठवायची सोय आम्ही यंत्रांसाठी करतो, तर माणसासाठी नक्कीच असावी.

घरच्यांनी काय करावं? फार नाही. रात्री उशिरा आला तर गरम जेवण आणि आंघोळीचं पाणी. कपड्यांच्या वासावर शेरा नको. "काय झालं आज?" असं विचारावं आणि उत्तर गाईबद्दल असलं तरी पुरतं ऐकावं. लग्नात पंगतीत बसल्यावर आपल्या कुत्र्याच्या जुलाबाची चौकशी करू नये. आणि क्लिनिकमध्ये गेलात तर नात्यातले असलात तरी फी द्यावी. विशेषतः नात्यातले असलात तर.

शेवटी मंडळाच्या सगळ्या वाचकांना एक विनंती. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरी कोणी अनुभवी पशुवैद्य असतील, नोकरीत किंवा निवृत्त, आणि नव्या मुलांचा रात्रीचा फोन उचलायला तयार असतील, तर त्यांनी संपादकांकडे कळवावं. नंबर जाहीर छापायचे नाहीत, गरजू मुलांपर्यंतच पोचवायचे. भावाने यादीत स्वतःचं नाव पहिलं घातलं आहे. आणि यंदा इंटर्नशिप संपवून बाहेर पडणाऱ्यांनो, तुम्हीही कळवा. निदान एक नंबर तरी तुमच्या खिशात असेल.